खेळातले असत्य आणि खेळातला न्याय

बदलीच्या नोकरीतील माणसाला एक गोष्ट लवकर उमगते. गाव बदलले की भाज्यांची नावे बदलतात, दूधवाल्याची हाक बदलते, कचेरीतील टिपणांची भाषा बदलते. मुलांचे खेळ मात्र फारसे बदलत नाहीत. लखनौच्या एखाद्या सरकारी वसाहतीत सुट्टीच्या दुपारी चार मुले कागदाच्या चार चिठ्ठ्या उधळून बसलेली दिसली, तर मराठी आईला त्यांचा खेळ समजावून द्यावा लागत नाही. इकडे त्याला ‘राजा-मंत्री-चोर-सिपाही’ म्हणतात. आपल्याकडे कोठे राजा-राणी, कोठे राजा-प्रधान असा पाठभेद आढळतो, एवढेच. राजा आणि मंत्री आपापली चिठ्ठी उघडी करतात आणि उरलेल्या दोघांपैकी चोर कोण, ते मंत्र्याने सांगावयाचे. ओळखले तर मंत्र्याचे गुण मंत्र्याकडे राहतात. चुकले तर ते चोराच्या खाती जमा होतात. मंत्र्यापुढे दोनच चेहरे असल्यामुळे डोळे मिटून बोट दाखवले तरी निम्म्या वेळा ते बरोबर पडावे. पण कोणताच मंत्री डोळे मिटून बोट दाखवीत नाही. तो समोरच्याच्या पापण्यांकडे पाहतो, ओठ आवळलेले आहेत की काय हे न्याहाळतो, आणि मग मोठ्या आत्मविश्वासाने पुष्कळदा शिपायालाच धरतो.

हाच खेळ आता नवा वेष घेऊन शाळेच्या वर्गात शिरला आहे. त्याची वंशावळ थोडक्यात अशी. १९८६-८७ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठातील दिमित्री दाविदोव्ह ह्या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने ‘माफिया’ नावाचा एक बैठा खेळ रचला. मंडळातील थोडे खेळाडू गुप्तपणे दुष्ट ठरतात आणि ते एकमेकांना ओळखतात. उरलेले पुष्कळ खेळाडू सज्जन असतात, पण त्यांपैकी कोणालाच कोणाची ओळख नसते. रात्री दुष्टांनी एकेका सज्जनाला बाद करावयाचे आणि दिवसा सर्वांनी चर्चा करून, मते घेऊन, संशयिताला बाहेर घालवावयाचे. १९९७ मध्ये अमेरिकेत ह्या दुष्टांना लांडग्यांचे रूप मिळाले. २०१८ मध्ये ‘अमंग अस’ नावाने तो पडद्यावर आला आणि २०२० च्या महामारीत, घराघरांतून कोंडलेल्या मुलांमध्ये, सर्व जगभर पसरला. तेव्हा वर्गातील प्रश्नमंजूषा चालविणाऱ्या ‘गिमकिट’ ह्या साधनाने त्याचे शालेय रूप काढले. (हे साधनही २०१७ मध्ये अमेरिकेतील एका शाळकरी विद्यार्थ्यानेच तयार केलेले आहे.) त्या रूपाचे नाव ‘ट्रस्ट नो वन’, म्हणजे ‘कोणावरही विश्वास ठेवू नका’. शिक्षकाने घातलेल्या प्रश्नांची अचूक उत्तरे दिली की विद्यार्थ्याला शक्ती मिळते. ती खर्च करून त्याला दुसऱ्याची चौकशी करता येते किंवा सभा बोलावता येते. वर्गात लपलेले जे थोडे तोतये असतात, त्यांनाही उत्तरे देऊनच शक्ती मिळवावी लागते. मात्र ती ते चौकशीत घोळ घालण्यासाठी वापरतात.

भूगोलाचे किंवा व्याकरणाचे पाठ मुलांकडून घोटून घेण्याची ही युक्ती म्हणून पाहिले, तर तिच्यात वावगे काही नाही. पाठ पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा त्यावरील प्रश्नांना पुन्हा पुन्हा उत्तरे देण्याने तो अधिक काळ ध्यानात राहतो, हे रोडिगर आणि कार्पिकी ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगांनी दाखविले आहे. परंतु पालकाच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो स्मरणशक्तीचा नव्हे. शाळेने खोटे बोलण्याला गुण द्यावेत काय? ज्या वर्गाच्या भिंतीवर सत्याचा महिमा सांगणारी वाक्ये लिहिलेली असतात, त्याच वर्गात सफाईने थाप मारणाऱ्या मुलाला विजयी म्हणून टाळ्या मिळाव्यात, ही विसंगती नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि म्हणूनच त्याचा नीट विचार केला पाहिजे.

प्रथम असत्य कशाला म्हणावे ते पाहू. केवळ वस्तुस्थितीशी न जुळणारे वाक्य म्हणजे असत्य, असे म्हटले तर रंगभूमीवरचा प्रत्येक नट खोटारडा ठरेल. असत्याला दोन गोष्टी लागतात: सांगणाऱ्याच्या मनात फसविण्याचा हेतू, आणि ऐकणाऱ्याच्या मनात हा खरे सांगत आहे असा भरवसा. ह्यांतील दुसरी गोष्ट आपण बहुधा विसरतो. ज्याने भरवसा ठेवलेलाच नाही, किंबहुना हा कदाचित खोटे बोलेल हे मान्य करूनच जो समोर बसला आहे, त्याचा विश्वासघात कसा होणार?

मराठी इतिहासात ‘तोतया’ हा शब्द ज्याच्यामुळे घरोघर गेला, त्याचे उदाहरण घ्या. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे एका कनोजी ब्राह्मणाने आपणच भाऊसाहेब असल्याचा बहाणा केला. १७७६ मध्ये त्याने कोकणात मोठे बंड उभारले आणि शेवटी पकडला जाऊन पुण्यात त्याला देहदंड झाला. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पती जिवंत असल्याची आशा धरून होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बहाण्याचे क्रौर्य कळते. त्या माणसाने कोणाशी खेळाचा करार केला नव्हता. त्याने लोकांच्या दुःखातून आणि आशेतून भरवसा चोरला. वर्गातील तोतया मात्र सर्वांच्या संमतीने नेमलेला असतो. ‘आपल्यांत दोघे लपलेले आहेत’ हे जाहीर केल्यावरच खेळ सुरू होतो. दोघांना एकच नाव दिले, तरी दोघांचे कर्म एक नव्हे.

हाच भेद महाभारताने अधिक खोलवर दाखविला आहे, आणि तोही अशा क्रमाने की आजच्या ह्या शालेय खेळाची रूपरेषाच तेथे आखलेली आहे असे वाटावे. वनवासाची बारा वर्षे संपत आली असता युधिष्ठिरापुढे यक्षाची प्रश्नमालिका उभी राहते. चारही भाऊ प्रश्नांना न जुमानता पाणी पिऊन निश्चेष्ट पडले आहेत. युधिष्ठिर उत्तरे देतो, ती बरोबर ठरतात, आणि यक्षरूपाने आलेला धर्म त्याला वर देतो. त्या वरांतील एक कोणता? तेराव्या वर्षी आम्हांला कोणी ओळखू नये, हा. अचूक उत्तरांनी मिळालेली शक्ती लपून राहण्यासाठी खर्च झाली! त्यानंतर सत्यवादी म्हणून गाजलेला हा राजा कंक नावाने विराटाच्या सभेत फासे खेळावयास बसतो. भीम आचारी होतो, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवितो. वर्षभर हे सारे खोट्या नावांनी वावरले, तरी महाभारतकाराने युधिष्ठिराला त्याबद्दल दोष दिलेला नाही. कारण अज्ञातवास हा द्यूताच्या पणातच ठरलेला होता. पांडव लपणार हे दुर्योधनाला ठाऊक होते, आणि त्याने शोधावे हे पांडवांना ठाऊक होते.

आता ह्याच युधिष्ठिराचे दुसरे असत्य पाहा. द्रोणाचार्य शस्त्र खाली ठेवीनात, तेव्हा अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला आणि आचार्यांनी पुत्राची वार्ता खरी काय हे युधिष्ठिरालाच विचारले. का? तर तिन्ही लोकांच्या राज्यासाठीही हा खोटे बोलणार नाही असा त्यांचा भरवसा होता म्हणून. त्या क्षणी युधिष्ठिराने दिलेल्या उत्तरात हत्तीचा उल्लेख होता खरा, पण तो आचार्यांच्या कानी पडू नये अशा स्वरात. शब्दांचा हिशेब केला तर हे असत्य वर्षभराच्या सोंगापुढे काहीच नव्हे. पण जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली टेकला तो ह्या एका वाक्याने. वर्षभराचे सोंग ठरलेल्या पणाच्या आत होते. हे एक वाक्य मात्र, शत्रूनेसुद्धा ज्या सत्यनिष्ठेवर विसंबावे, तिलाच हत्यार करून उच्चारलेले होते.

विराटाचे काय, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो तर पणात सामील नव्हता. त्याच्या घरी खोट्या नावाने राहणे ही फसवणूकच की. आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर वर्षअखेरच्या वर्तनात शोधावे लागते. पांडव प्रकट झाल्यावर विराटाने आपली कन्या उत्तरा अर्जुनाला देऊ केली. अर्जुनाने ती स्वतःसाठी स्वीकारली नाही. सून म्हणून, अभिमन्यूसाठी, स्वीकारली. कारण वर्षभर तो तिच्या अंतःपुरात गुरू म्हणून वावरला होता, तिने त्याच्यावर पित्यासारखा विश्वास टाकला होता, आणि तिच्या शीलाबद्दल लोकांत संशयाला तिळभरही जागा राहू नये अशी त्याची इच्छा होती. वेषामुळे मिळालेला विश्वास वेष उतरल्यावर त्याने स्वतःच्या लाभासाठी वापरला नाही. ज्याला खेळात लपण्याची मुभा हवी, त्याने खेळ संपल्यावर इतके ऋण मानलेच पाहिजे.

ह्यावरून मुलांना सांगण्याजोगा एक साधा नियम हाती येतो. खेळातील सोंग खेळातच राहिले पाहिजे. ‘मी चोर नाही’ असे चोराने म्हणावे; तो त्याचा खेळ आहे. पण ‘आईशप्पथ, मी चोर नाही’ असे त्याने म्हणू नये. आईची शपथ ही खेळाच्या सामानातली वस्तू नव्हे, ती घरची आहे. ‘तू माझा जिवलग मित्र ना, मग माझ्यावर एवढाही विश्वास नाही?’ हे वाक्यही तसेच. त्याने चर्चा जिंकता येईल. परंतु मैत्रीचे भांडवल मोडून ते खेळात लावल्यासारखे होईल, आणि ते उद्या परत मिळेलच असे नाही. डच इतिहासकार योहान हुइझिंगा ह्यांनी १९३८ मध्ये खेळाचे विवेचन करताना खेळाला स्वतःची अशी एक आखलेली सीमा असते, हे फार मार्मिकपणे दाखविले. ती सीमा पुसली गेली की काय होते, हे समजण्यास लखनौइतके योग्य गाव नाही. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’ ह्या १९२४ च्या कथेतील दोघे जहागीरदार आठवावेत. १८५६ मध्ये अवधचे राज्य इंग्रजांनी गिळले. त्यासाठी ह्या दोघांनी तलवारीला हात लावला नाही, पण बुद्धिबळाच्या पटावरील भांडणात एकमेकांचा जीव घेतला. जेथे प्राण लावावयाचे तेथे ते खेळत बसले, आणि जेथे खेळावयाचे तेथे त्यांनी प्राण लावले.

येथवर आम्ही लपणाऱ्याचे वकीलपत्र घेतले, असे वाचकांना वाटले असेल. ते खरे आहे. कारण आमच्या मते ह्या खेळातील नैतिक धोका लपणाऱ्याच्या बाजूला नाहीच. तो शोधणाऱ्यांच्या बाजूला आहे. तोतयाला आपण काय करीत आहोत हे पक्के ठाऊक असते, आणि डाव संपला की तो सोंग उतरवून ठेवतो. पण जे ‘सज्जन’ असतात, ज्यांच्याकडे बहुमत असते, आणि आपण न्यायाच्या बाजूचे आहोत ह्याबद्दल ज्यांना तिळभर शंका नसते, ते कोणाला बाहेर घालवितात, आणि कशाच्या आधारावर?

साधा हिशेब करू. दहा मुलांत दोन तोतये असतील, तर काहीही माहिती नसताना घेतलेल्या पहिल्या मतदानात निरपराध मूल बाहेर जाण्याचा संभव दहांत आठ इतका आहे. तरीही पहिले मत देण्याची घाई प्रत्येक डावात दिसते. चुकून घालविलेल्या प्रत्येक निरपराधाबरोबर सज्जनांचे बळ घटते. म्हणजे तोतयांचे निम्मे काम सज्जनच करून देतात. आणि त्या पहिल्या मताचा धनी कोण होतो? जो गप्प बसतो तो. जो फार बोलतो तो. ज्याचा चेहरा उगाच लाल होतो तो. आणि सर्वांत अधिक वेळा, जो नवा असतो तो.

ह्या ठिकाणी हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरात येऊन उभा राहतो. आपली मुले दर तीन-चार वर्षांनी नव्या शाळेत नवी असतात. नागपूरहून किंवा पुण्याहून लखनौला आलेल्या मुलाचे उदाहरण घ्या. त्याच्या घरी आईला ‘तू’ म्हणतात, आणि त्यात प्रेमाखेरीज काही नसते. ह्या शहरात पाळण्यातल्या बाळालाही ‘आप’ म्हणून हाक मारतात. एकटे मूल स्वतःबद्दल बोलताना येथे सहज ‘हम’ म्हणते. आपला मुलगा ‘मैं’ म्हणतो. त्याची हिंदी व्याकरणाने शुद्ध असली तरी ठेक्याने परकी असते. त्याने वर्गसोबत्याला सरळ ‘तू खोटे बोलतोस’ असे म्हटले, की त्याच्या बोलण्यातील तर्क कोणी पाहत नाही. त्यातला ‘तू’ सर्वांना टोचतो. लगेच बोटे त्याच्याकडे वळतात. तो तोतया आहे असे कोणी सिद्ध केलेले नसते. तो आपल्यासारखा नाही एवढेच सिद्ध झालेले असते, आणि वर्ग तेवढ्यावर निकाल देतो.

ह्यात लखनौचा विशेष दोष आहे असे मात्र समजू नये. लखनौकर मूल पुण्याच्या शाळेत गेले, तर त्याच्या ‘हम’ला हसणारी मुले आपलीच असतील, आणि त्याच्या अदबशीर बोलण्यात ‘काहीतरी लपवतोय’ असा वास त्यांनाच येईल. परकेपणाला पुरावा समजणे ही कोणा एका प्रांताची खोड नाही; ती समूहाची खोड आहे. तिची पहिली सवय लहानपणी खेळातच लागते, आणि मोडावयाची तर खेळातच मोडली पाहिजे.

आमचे बहुतेक वाचक सरकारी नोकरीत आहेत. त्यांना स्वतःला कोणत्या न्यायाचे संरक्षण आहे, हे त्यांनी क्षणभर आठवावे. राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाप्रमाणे, काही अपवाद सोडता, दोषारोप कळविल्याशिवाय आणि बचावाची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय, मुलकी सेवेतील माणसाला बडतर्फ करता येत नाही, की त्याचा दर्जा उतरविता येत नाही. संशय कितीही बळकट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलेले आहे. ज्या घरातील वडील ह्या तत्त्वाच्या छायेत निश्चिंतपणे नोकरी करतात, त्या घरातील मुलाने ‘तो जरा विचित्रच वाटतो’ एवढ्यावर मत द्यावे, ही विसंगती खोटे बोलण्याच्या विसंगतीहून मोठी आहे. कारण खोटे बोलणारा निदान आपण खोटे बोलतो हे जाणतो. घाईने मत देणारा मात्र आपण न्याय केला अशा समजुतीत शांतपणे घरी जातो.

मग हा खेळ नीट खेळून जिंकावा कसा? नीतीचा आणि यशाचा मार्ग येथे बराचसा एकच आहे. पहिली गोष्ट म्हणजे अभ्यास. वर्गातील खेळात चौकशीची शक्ती अचूक उत्तरांनी मिळते. ज्याला पाठ येत नाही त्याला केवळ आरडाओरडा करता येतो. दुसरी गोष्ट, माणसाच्या मुद्रेपेक्षा त्याच्या कृतीची नोंद ठेवावी. कोणी कोणावर आरोप केला, कोणाच्या विरुद्ध मत दिले, आणि ज्याला बाहेर घालविले तो निरपराध निघाल्यावर ते मत कोणाकोणाचे होते, ह्याची टिपणे ठेवणारे मूल तिसऱ्या फेरीपर्यंत इतरांपेक्षा पुष्कळ जाणते. तिसरी गोष्ट, ज्याचे उत्तर पडताळता येते असाच प्रश्न विचारावा. ‘तू चोर आहेस काय?’ हा प्रश्न व्यर्थ आहे. ‘तू आतापर्यंत कोणाची चौकशी केलीस आणि काय आढळले?’ हा प्रश्न उपयोगी आहे. चौथी गोष्ट, एकाच्या सांगण्यावर निकाल देऊ नये. कौटिल्याने हेरांच्या वार्तेबद्दल, तिघांचे म्हणणे जुळले तरच विश्वास ठेवावा, असा दंडक घातला आहे. गंमत अशी की त्याच्या हेरांच्या यादीत आरंभीच कापटिक येतो, आणि हा कापटिक म्हणजे दुसऱ्याचे मर्म ओळखणारा एक धीट विद्यार्थीच आहे! वर्गात लपलेला तोतया ही कल्पना आपल्याला इतकी काही नवी नाही. मात्र ते तिघे एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. दोन तोतये एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा साक्षी दोन दिसतात, पण साक्ष एकच असते.

ह्या बाबतीत गणिताचाही एक निष्कर्ष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २००८ मध्ये ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल ह्या तिघा संशोधकांनी ‘माफिया’ खेळाचा गणिती अभ्यास प्रसिद्ध केला. सज्जनांना काहीच माहिती मिळविता येत नसेल, तर एकूण खेळाडूंच्या संख्येच्या वर्गमुळाइतके थोडे दुष्टही त्यांच्याशी बरोबरीने झुंजू शकतात, असे त्यांना आढळले. मोठ्या मंडळात ही संख्या किती क्षुद्र, ते पाहा: दहा हजारांत सुमारे शंभर. परंतु त्याच मंडळात खरी माहिती काढू शकणारा एक जरी शोधक असला, तरी पारडे फिरते. मग बरोबरी साधण्यास दुष्टांची संख्या एकूण संख्येच्या ठराविक हिश्शाइतकी, म्हणजे पुष्कळच मोठी, असावी लागते. ह्याचा अर्थ आम्ही असा घेतो: केवळ बहुमताच्या जोरावर सज्जनांचे रक्षण होत नाही. पडताळून पाहणारा एक माणूस, आणि त्याचे ऐकून घेण्याची इतरांची तयारी, ह्यांवर ते अवलंबून असते.

येथे शिक्षकाचे कर्तव्य येते. डाव संपल्यावर कोण जिंकले एवढे सांगून त्याने फळा पुसू नये. चुकीने बाहेर गेलेल्या मुलांची नावे घेऊन, ‘ह्याच्या विरुद्ध पुरावा काय होता?’ असा एकच प्रश्न त्याने वर्गाला विचारावा. पहिल्या दिवशी मुले हसतील. चौथ्या दिवशी एखादे मूल मत देण्यापूर्वीच तो प्रश्न स्वतःला विचारील. ह्या खेळातून शाळेला मिळविण्याजोगे फळ ते हे. जो शिक्षक एवढे करणार नसेल, त्याने हा खेळ वर्गात आणू नये, असेच आम्ही म्हणू. कारण तेव्हा ‘कोणावरही विश्वास ठेवू नका’ हे नुसते नाव न राहता धडा होऊन बसेल. पालकांनाही ह्यात वाटा आहे. मूल घरी येऊन ‘आज मी सगळ्यांना फसवले’ म्हणाले तर कपाळाला आठ्या घालू नयेत. पण ‘आज आम्ही त्या नव्या मुलाला पहिल्याच फेरीत काढले’ म्हणाले, तर ताटावरून उठण्यापूर्वी त्याचे कारण अवश्य विचारावे.

शेवटी पुन्हा एकदा विराटनगरीकडे वळू. तेरावे वर्ष संपत आले तरी दुर्योधनाच्या हेरांना पांडव सापडले नाहीत. हेर चेहरे शोधीत होते, नावे शोधीत होते, आणि चेहरे व नावे तर बदललेली होती. तेव्हा कुरुसभेत भीष्मांनी निराळीच खूण सांगितली. युधिष्ठिर ज्या देशात राहत असेल, तेथील लोक उदार आणि मधुरभाषी झालेले असतील, तेथे मत्सर नसेल, गाई पुष्ट आणि पुष्कळ असतील. असा देश कोठे आहे ते पाहा. माणूस नाव बदलू शकतो, वेष बदलू शकतो; त्याच्या असण्याने भोवतालच्यांत जो पालट पडतो तो त्याला लपविता येत नाही, असा त्याचा आशय.

लखनौतील मराठी माणसाला ह्याची साक्ष फार लांब शोधावी लागत नाही. मुंबईच्या विष्णु नारायण भातखंड्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा आपला संस्कृत ग्रंथ ‘चतुर पंडित’ ह्या आडनावाखाली, स्वतःला लपवून, १९१० मध्ये प्रसिद्ध केला. आणि आपल्या मराठी ग्रंथांत त्या पंडिताची मते ते परक्याची म्हणून उद्धृत करीत. वाचक त्या सोंगात सामील नव्हते, आणि एकच साक्षीदार तेथे दोन झाला, एवढी नोंद वर सांगितलेल्या कसोटीप्रमाणे केलीच पाहिजे. पण १९२६ मध्ये ह्याच शहरात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह संगीताचे महाविद्यालय उभारले. तेव्हा ते त्या वेळच्या गव्हर्नरांच्या, मॅरिस साहेबांच्या नावाने ओळखले जाई. आज ते विद्यापीठ आहे आणि भातखंड्यांच्या नावाने आहे. ‘चतुर पंडित’ कोण, हे आता कोणाला विचारावे लागत नाही.

आपण सारे येथे थोडेफार अज्ञातवासातच आहोत. आपल्याला कोणी पहिल्या दिवशी चेहऱ्यावरून आणि उच्चारावरून जोखू नये, काही काळ आपले वागणे पाहावे, एवढी आपली अपेक्षा असते. तीच अपेक्षा आपल्या मुलाच्या वर्गातील प्रत्येक नव्या मुलाची असते. ती पुरी करण्यास खोटे न बोलण्याचा उपदेश पुरत नाही. खरे काय ते कळेपर्यंत हात आवरून धरण्याची सवय लागते, आणि चिठ्ठ्यांच्या खेळात शिपायावर बोट रोखण्यापूर्वी थांबणारा छोटा मंत्री ती सवय शिकू लागलेला असतो.